अँटी-टीपीओ एका लॅबमध्ये ४१२, दुसरीत ९८. आजार कमी झाला का?

राजेंद्रनगर_इंदूर :

नमस्कार. थायरॉइडच्या अँटिबॉडी तपासणीबद्दल जाणकारांकडून नेमकं उत्तर हवं आहे. (अँटी-टीपीओ आणि अँटी-टीजी या ग्रंथीविरुद्धच्या अँटिबॉडी; टीएसएच हा ग्रंथीला कामाला लावणारा हार्मोन, टी४ हा ग्रंथीचा स्वतःचा.) रिपोर्ट वहिनींचे आहेत, वय ३१. इंदुरातल्याच दोन वेगळ्या लॅब, मध्ये तीन आठवड्यांचं अंतर.

पहिला रिपोर्ट: टीएसएच ६.९, फ्री टी४ १.१, अँटी-टीपीओ ४१२ (मर्यादा ३४), अँटी-टीजी ८८ (मर्यादा ११५).
दुसरा रिपोर्ट: टीएसएच ५.८, अँटी-टीपीओ ९८ (मर्यादा ५.६१).

थायरॉइडची गोळी अजून सुरू केलेली नाही. केस गळतात म्हणून १० मिलीग्रॅम बायोटिन रोज सकाळी चालू आहे, आणि दोन्ही वेळा रक्त द्यायच्या आधी ते घेतलेलं होतं.

विचारायचं असं: ४१२ चं ९८ झालं म्हणजे आजार उतरला असं धरायचं का? बायोटिनने रिपोर्ट बिघडले असतील का? पुन्हा तपासणी करायची तर कधी, आणि उपाशीपोटीच का? हा आकडा शून्यावर आणणं हे उपचाराचं उद्दिष्ट असतं का?


नमुनानळी :

आजार उतरलेला नाही आणि चढलेलाही नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करताच येत नाही.

मर्यादा बघितली की मशीन ओळखू येतं. अँटी-टीपीओला ३४ आणि अँटी-टीजीला ११५ ही जोडी रोशच्या कोबस मशीनची. ५.६१ अ‍ॅबटच्या आर्किटेक्टची. बेकमनच्या अ‍ॅक्सेसवर अँटी-टीपीओची मर्यादा ९ छापून येते. एकक सगळीकडे तेच, आययू प्रति मिली, आणि मोजमाप जुळवायला आधार धरलेलं प्रमाण-सीरमही एकच, ६६/३८७ क्रमांकाचं. तरीही आकडे जुळत नाहीत. टीएसएच हा एकच ठरलेला रेणू असतो, अँटिबॉडी तशी नसते. एकाच माणसाच्या रक्तात टीपीओच्या वेगवेगळ्या भागांना चिकटणाऱ्या अनेक जातींच्या अँटिबॉडी असतात, कुणी घट्ट चिकटणारी तर कुणी सैल. प्रत्येक कंपनीने किटमध्ये वापरलेलं टीपीओ वेगळ्या रीतीने तयार केलेलं असतं आणि मोजण्याची पद्धतही वेगळी असते. म्हणून वहिनींचं तेच सीरम एका मशीनवर ४१२ आणि दुसऱ्यावर ९८ दाखवू शकतं.

‘मर्यादेच्या किती पट’ असा हिशोब काही जण करतात. तोही इथे टिकत नाही. ४१२ ला ३४ ने भागलं तर १२ पट येतात, ९८ ला ५.६१ ने भागलं तर १७ पट. म्हणजे घरात वजाबाकी करून ‘कमी झालं’ म्हणतात, तर भागाकार करून ‘वाढलं’ म्हणावं लागेल. दोन्ही रिपोर्ट मिळून एवढंच सांगतात की अँटिबॉडी आहे, आणि स्पष्टपणे आहे.

याच कारणाने पुढे कधी दुसऱ्या मशीनवर अँटी-टीजी केलं आणि ३० आलं तर घाबरायचं कारण नाही, आणि निर्धास्तही व्हायचं नाही. रोशवर ८८ म्हणजे निगेटिव्ह. अ‍ॅबटवर मर्यादा ४.११ असल्याने तिथे ३० पॉझिटिव्ह ठरेल.

वरच्या टोकालाही एक अडचण आहे. रोशच्या किटची मोजपट्टी ६०० ला संपते. पुढचं ‘६०० पेक्षा जास्त’ असं छापतात. सीरम पातळ करून पुन्हा मोजलं आणि गुणाकार केला तर खरा आकडा मिळेल असं वाटतं, पण अँटिबॉडीच्या बाबतीत दुप्पट पातळ केलं की आकडा बरोब्बर निम्मा होतोच असं नाही. त्यामुळे कुणाच्या रिपोर्टवर १८०० दिसलं आणि कुणाच्या ‘६०० पेक्षा जास्त’, तर त्यांची तुलना करू नये.

आता बायोटिन. तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण रक्त घेताना ही चौकशी बहुतेक वेळा होतच नाही. पुष्कळ किटांमध्ये स्ट्रेप्टाव्हिडिन आणि बायोटिन ही घट्ट चिकटणारी जोडी वापरलेली असते. रक्तातच भरपूर बायोटिन असलं तर ते किटमधली जागा अडवतं. परिणाम कोणत्या दिशेला होणार हे पद्धतीवर ठरतं. टीएसएच सँडविच पद्धतीने (रेणू दोन अँटिबॉडींच्या मध्ये पकडून) मोजतात, तिथे आकडा खोटा कमी येतो. फ्री टी४ स्पर्धेच्या पद्धतीने (रक्तातला आणि किटमधला रेणू एकाच जागेसाठी झगडतात) मोजतात, तिथे खोटा जास्त. रोशवर अँटी-टीपीओ आणि टीआरएबी (ग्रेव्हज या, ग्रंथी गरजेपेक्षा जास्त चालण्याच्या आजारातली अँटिबॉडी) यासुद्धा स्पर्धेच्या पद्धतीच्या, म्हणून त्याही खोट्या जास्त. सगळं एकत्र आलं तर धडधाकट माणसाचा रिपोर्ट हुबेहूब ग्रेव्हज आजारासारखा दिसतो: टीएसएच तळाला, टी४ वर, अँटिबॉडी पॉझिटिव्ह. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियंत्रण संस्थेने) २०१७ मध्ये बायोटिनबद्दल जाहीर इशारा दिला तो अशाच गडबडींमुळे.

वहिनींच्या पहिल्या रिपोर्टमध्ये हे घडलेलं दिसत नाही. बायोटिनने मोठी ढवळाढवळ केली असती तर टीएसएच खाली ओढला गेला असता आणि फ्री टी४ वर गेला असता. इथे टीएसएच वाढलेला आहे आणि टी४ मधोमध. दुसऱ्या मशीनच्या या किटांमध्ये ही जोडी वापरलेलीच नाही, आणि तिथेही चित्र तेच आलं. अलीकडे कंपन्यांनी बायोटिन सहन करणारे नवे रिएजंट आणले आहेत, पण लॅबकडे कोणता लॉट आहे हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून साधा नियम: ५ ते १० मिलीग्रॅमची गोळी असेल तर रक्त देण्याआधी किमान दोन पूर्ण दिवस बंद. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे १० मिलीग्रॅम हे तिच्या तीनशे पटींहून जास्त झालं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा १०० मिलीग्रॅमच्या वरचा डोस चालू असेल तर दोन दिवस पुरत नाहीत, तिथे डॉक्टरांशी बोलून जास्त दिवस ठेवावे लागतात. ‘हेअर, स्किन अँड नेल्स’ छापलेल्या गोळ्यांत आणि गमीजमध्येही बायोटिन असतं. पाकिटाच्या मागे बघा.

उपाशीपोटी राहायची गरज अँटिबॉडीसाठी अजिबात नाही. पोहे-जिलेबी खाऊन गेलं तरी अँटी-टीपीओ तेवढंच येणार. टीएसएचची गोष्ट थोडी वेगळी. तो पहाटेकडे जास्त असतो, दुपारकडे उतरतो, आणि खाल्ल्यावरही जरा कमी येतो. वहिनींसारख्या सीमेवरच्या माणसाचा सकाळी ५.८ असलेला दुपारी जेवणानंतर मर्यादेत दिसू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी सकाळी आठ-नऊच्या सुमारास, एकाच लॅबमध्ये, एकाच रीतीने रक्त द्यायचं. ज्यांना थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) चालू आहे त्यांनी त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी, नाहीतर फ्री टी४ काही तास फुगलेला दिसतो.

सॅम्पलबद्दलही थोडं, कारण घरी येऊन रक्त नेण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. पिवळ्या झाकणाच्या जेलच्या ट्यूबमध्ये ३ ते ४ मिली रक्त टीएसएच, टी४ आणि सगळ्या अँटिबॉडींना मिळून पुरतं. ट्यूब पाच वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची, खळखळ हलवायची नाही. मग अर्धा तास उभी ठेवून रक्त पूर्ण गोठू द्यायचं आणि नंतरच सेंट्रिफ्यूजला लावायची. घाई केली तर सीरममध्ये फायब्रिनचे तंतू राहतात, मशीनची सुई ते ओढते आणि भलताच आकडा निघतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर गोठायला जास्त वेळ लागतो, हे आधीच सांगावं. दोन तासांच्या आत सीरम पेशींपासून वेगळं झालेलं बरं. महू, देवास, सांवेरहून येणारं सॅम्पल असेल तर तिथेच सेंट्रिफ्यूज करून जेलने वेगळं झालेलं सीरम आइसपॅकच्या डब्यातून पाठवणं योग्य. मे महिन्यात ४० अंशांच्या वर पारा असताना डिकीत ठेवलेली ट्यूब किंवा उलट बर्फाला थेट चिकटवलेली न फिरवलेली ट्यूब, दोन्हींत तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम गुलाबी होतं. अँटिबॉडी स्वतः तशी टिकाऊ असते, ती अशी चटकन मरत नाही. पण गुलाबी सीरमवरचा रिपोर्ट चांगल्या लॅबने देऊच नये, नवीन सॅम्पल मागावं.


ग्रंथी_ओपीडी :

मोजमापाचं वर नीट आलं आहे. मी अर्थाकडे येतो.

थायरॉइड पेरॉक्सिडेज हे ग्रंथीतलं एन्झाइम, आयोडिनला हार्मोनमध्ये बसवण्याचं काम त्याचं. हाशिमोतो आजारात शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतं. प्रत्यक्ष नासधूस मुख्यतः लिम्फोसाइट पेशी करतात. टीपीओची अँटिबॉडी ही त्या भांडणाची खूण आहे, भांडणाची तीव्रता नाही. ४०० वाल्याची ग्रंथी व्यवस्थित चालू असते आणि ८० वाल्याची बंद पडलेली असते, असं ओपीडीत रोज दिसतं. रुग्णाला जाणवणारा थकवा, केस, वजन यांचा संबंध टीएसएच आणि टी४ शी आहे. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट ‘नाही’. आकडा शून्यावर आणणं हे उद्दिष्ट नाही, आणि तसं करणारं सिद्ध औषधही नाही. थायरॉक्सिन चालू केल्यावर अँटिबॉडी वर्षानुवर्षांत हळूहळू उतरते, पण बहुतेकांत नाहीशी होत नाही, आणि उतरली नाही म्हणून गोळीचा डोस बदलत नाहीत.

मग ही तपासणी करायचीच कशाला? मुख्यतः एका प्रश्नासाठी: टीएसएच थोडा वाढला आहे, टी४ ठीक आहे, तर हे तात्पुरतं आहे की पुढे सरकणारं? इंग्लंडमधल्या व्हिकहॅम गावातल्या लोकांचा वीस वर्षांनी पुन्हा शोध घेतला, तेव्हा स्त्रियांमध्ये असं आढळलं: टीएसएच वाढलेला आणि अँटिबॉडीही पॉझिटिव्ह असेल तर दरवर्षी साधारण ४.३ टक्के जणींची ग्रंथी पूर्ण मंदावते. फक्त टीएसएच वाढलेला असेल तर २.६ टक्के. फक्त अँटिबॉडी असेल तर २.१ टक्के. वहिनी पहिल्या गटात बसतात. म्हणजे दुर्लक्ष करायचं नाही, पण उद्याच काही बिघडणार असंही नाही.

निव्वळ अँटिबॉडी पॉझिटिव्ह असणं किती सामान्य आहे हेही लक्षात घ्या. आपल्याकडे आठ शहरांत मोठी पाहणी झाली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. (इंदूर त्यात नव्हतं, आपल्याला सगळ्यात जवळचं शहर अहमदाबाद.) तीत जवळपास २२ टक्के प्रौढांत अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह निघालं, तर ग्रंथी मंदावलेले ११ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अँटिबॉडी असलेले पुष्कळ लोक आज कोणत्याही उपचाराविना ठीक आहेत. पॅकेजमध्ये स्वस्त मिळते म्हणून टीएसएच नॉर्मल असलेल्या माणसाची अँटिबॉडी करून घेणं आणि मग आयुष्यभर त्या आकड्याची धास्ती बाळगणं, याने कुणाचं भलं होत नाही. ही चाल मला मनापासून थांबायला हवी वाटते.

एकदा स्पष्ट पॉझिटिव्ह आली की अँटी-टीपीओ पुन्हा करायची नाही. दर सहा महिन्यांनी करून घेणारे आहेत, तो पैसा वाया जातो. पुन्हा करायचा तो टीएसएच, आणि त्याच्या जोडीला फ्री टी४. वहिनींचा आता दोनदा वाढलेला आलाच आहे, पण दोन्हींत तीनच आठवडे गेले आहेत. पहिल्या तपासणीपासून दोन-तीन महिन्यांनी, बायोटिन बंद ठेवून, एकदा करा. नुकताच मोठा ताप किंवा आजारपण झालं असेल तर बरं होताना टीएसएच काही काळ वर जातो, म्हणून ही वाट बघणं महत्त्वाचं. टीएसएच १० च्या वर टिकला तर गोळी सुरू करतात. ४.५ ते १० च्या मध्ये असेल तर वय, लक्षणं, कोलेस्टेरॉल, गर्भधारणेचा विचार आणि अँटिबॉडी हे सगळं बघून डॉक्टर ठरवतात. गोळी न देता लक्ष ठेवायचं ठरलं, तर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच.

अँटी-टीपीओ निगेटिव्ह आली म्हणून हाशिमोतो नाही असंही ठरत नाही. साधारण दहातल्या एखाद्या रुग्णात ती सापडत नाही. तिथे अँटी-टीजी कामाला येते, किंवा सोनोग्राफीत ग्रंथी काळपट आणि खडबडीत दिसते. पण अँटिबॉडी आधीच पॉझिटिव्ह असेल आणि मानेला हाताला गाठ लागत नसेल, तर सोनोग्राफीची गरज नाही. छोट्या निरुपद्रवी गाठी सापडतात आणि मग सुया टोचत फिरावं लागतं. याला अपवाद एक: जुनी हाशिमोतोची गलगंड असलेली ग्रंथी काही आठवड्यांतच भराभर वाढली, आवाज बसला, गिळताना अडकलं, तर तातडीने दाखवावं. असा लिम्फोमा (ग्रंथीतला एक कॅन्सर) फार क्वचित होतो, पण वेळ घालवण्यासारखा नसतो.

वहिनींना पांढरे डाग, टाइप १ मधुमेह, बी१२ ची सततची कमतरता, सीलिअ‍ॅक (गव्हाने होणारा आतड्याचा आजार) यातलं काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. हे आजार एकमेकांच्या सोबतीने येतात. सतत वजन घटणं, त्वचा काळवंडणं, रक्तदाब खूप कमी, खारट खावंसं वाटणं अशी लक्षणं असतील तर थायरॉक्सिन सुरू करण्याआधी कॉर्टिसॉल तपासणं आवश्यक. अ‍ॅड्रिनल (कॉर्टिसॉल बनवणारी ग्रंथी) मंदावलेली असताना थायरॉक्सिन दिलं तर जिवावर बेतू शकतं.

सेलेनियमच्या गोळ्यांबद्दल विचारणा होतेच. काही प्रयोगांत अँटिबॉडीचा आकडा उतरला, रुग्णाला त्याचा ठोस फायदा दिसला नाही, आणि जास्त झालं तर सेलेनियमनेच केस गळतात. सीलिअ‍ॅक नसताना गहू सोडण्यालाही आधार नाही. आयोडिनयुक्त मीठ बंद करू नका. मात्र आयोडिनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या गोळ्या असलं काही वरून घेऊ नका, हाशिमोतोत जादा आयोडिनने ग्रंथी आणखी मंदावते.


स्नेहलतागंज :

धाग्याला धरूनच एक विचारतो. टीएसएच वाढलेला नसून ०.०१ आहे, फ्री टी४ जास्त आहे, डोळे थोडे पुढे आल्यासारखे वाटतात. अशा वेळी अँटी-टीपीओ करून काही कळतं का? एका चिठ्ठीवर टीआरएबी लिहिलंय आणि दुसऱ्या डॉक्टरांनी टीएसआय लिहिलंय, दोन्ही करायच्या का?


ग्रंथी_ओपीडी :

स्नेहलतागंज, इथे अँटी-टीपीओचा उपयोग नाही. ग्रेव्हजच्या बऱ्याच रुग्णांतही ती पॉझिटिव्ह असते, त्यामुळे ती हाशिमोतो आणि ग्रेव्हज यांत फरक करत नाही. टीआरएबी करा. टीएसएच ज्या कुलपात बसतो त्याच कुलपात शिरणारी ही अँटिबॉडी. ती ग्रंथीला थांबूच देत नाही. आताच्या किटवर उपचार न घेतलेल्या ग्रेव्हजमध्ये ती ९५ टक्क्यांहून जास्त जणांत सापडते. तिचं एकक आययू प्रति लिटर आहे, मिली नाही, आणि रोशवर मर्यादा १.७५. अँटी-टीपीओच्या शेकड्यांतल्या आकड्यांशेजारी ४.२ बघून ‘किती कमी आहे’ असं वाटतं, पण तो स्पष्ट पॉझिटिव्ह असतो.

टीआरएबी आणि टीएसआय दोन्ही करायची गरज सहसा नसते. टीआरएबीची नेहमीची तपासणी फक्त ‘कुलपात काहीतरी बसतंय’ एवढं सांगते. बसणारी अँटिबॉडी ग्रंथीला चेतवते की अडवते हे तिला कळत नाही. टीएसआय चेतवणारी अँटिबॉडी मोजते. टी४ चढलेला आहे, टीएसएच तळाला आहे, तर अँटिबॉडी चेतवणारीच आहे हे उघड आहे. एक पुरे.

टीआरएबी निगेटिव्ह आली तर थायरॉइडायटिसचा (ग्रंथीच्या सुजेचा) विचार करावा लागतो. त्यात ग्रंथीतला साठलेला हार्मोन नुसता सांडत असतो, नवीन बनत नसतो, आणि तिथे कार्बिमाझोल (हार्मोन बनणं रोखणारं औषध) देणं चूक. अशा वेळी ग्रंथीच्या किरणोत्सर्गी द्रव्याच्या स्कॅनने उलगडा होतो, पण गरोदर बाईत तो करत नाहीत, म्हणून तिथे टीआरएबीची किंमत आणखी वाढते. डोळ्यांची तक्रार असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे आत्ताच जा. सिगारेट असेल तर आजच बंद, ग्रेव्हजच्या डोळ्यांना तिच्याइतकं वाईट काही नाही.

आणि अँटी-टीपीओच्या उलट, टीआरएबी पुन्हा करायची असते. कार्बिमाझोल १२ ते १८ महिने झाल्यावर बंद करण्याआधी ती करतात. अजून जास्त असेल तर औषध सोडल्यावर आजार उलटण्याची शक्यता बरीच. ती तुलना एकाच मशीनवर झाली पाहिजे, हे वर नमुनानळी यांनी सांगितलंच. रेडिओआयोडिन (ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सर्गी आयोडिन) घेतल्यावर टीआरएबी उलट वाढते आणि पुष्कळदा काही वर्षं वरच राहते, तेव्हा ते बघून दचकू नये.


राजेंद्रनगर_इंदूर :

फार उपयोगी माहिती, आभार. एक सांगायचं राहिलं होतं. वहिनींचा पुढच्या काही महिन्यांत बाळाचा विचार आहे. मग काय बदलतं? अँटिबॉडी बाळाकडे जाते का?


ग्रंथी_ओपीडी :

बरंच बदलतं, हे आधी कळलं असतं तर मी दोन-तीन महिने थांबा म्हटलं नसतं. गर्भधारणेचा विचार असताना टीएसएच ५.८ आणि अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल तर बहुतेक एंडोक्रायनोलॉजिस्ट २५ ते ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन आत्ताच सुरू करायचा विचार करतात. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, ते आईच्या हार्मोनवर असतं, आणि अँटिबॉडी असलेली ग्रंथी वाढीव मागणी पुरी करताना धापा टाकते. गोळी सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, आणि तो २.५ च्या खाली आणायचा. तेवढं झालं की पुढे जा. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. गरोदरपणात या दोन्ही गोळ्या सुरू होतात आणि नेमकी इथेच चूक होते: सकाळी सगळ्या गोळ्या एकदम गिळल्या जातात, थायरॉक्सिन शोषलंच जात नाही, टीएसएच चढतो, आणि डोस कमी पडतोय असा समज होतो.

पाळी चुकली आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत न थांबता डोस २० ते ३० टक्के वाढवायचा असतो. सोपा हिशोब म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. हा सल्ला आधीच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. मग अर्धे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा.

टीएसएच अगदी नॉर्मल असून फक्त अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे, अशा बाईला गोळी देऊन गर्भपात टळतो का, याचा मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला, २०१९ मध्ये निकाल आला. ९५२ स्त्रिया, निम्म्यांना ५० मायक्रोग्रॅम. जिवंत बाळ जन्माचं प्रमाण गोळीवाल्यांत ३७.४ टक्के, दुसऱ्या गटात ३७.९. फरक नाही. म्हणजे नुसत्या अँटिबॉडीला गोळी नाही, गोळी वाढलेल्या टीएसएचला. वहिनींचा वाढलेला आहे, म्हणून त्यांची गोष्ट वेगळी.

अँटी-टीपीओ वारेतून बाळाकडे जाते, पण सहसा त्रास देत नाही आणि काही महिन्यांत बाळाच्या रक्तातून निघून जाते. त्रास देणारी ती टीआरएबी. ज्या बाईला कधीकाळी ग्रेव्हज होता, मग ऑपरेशन किंवा रेडिओआयोडिन होऊन आता ती साध्या थायरॉक्सिनवर असली तरी, तिची टीआरएबी गर्भारपणाच्या सुरुवातीला बघायलाच हवी. जास्त असेल तर १८ ते २२ आठवड्यांत पुन्हा. मर्यादेच्या तिप्पट असेल तर बाळाची ग्रंथी आणि हृदयाचे ठोके यांवर खास लक्ष ठेवतात. वहिनींना याची गरज नाही.

बाळंतपणानंतर मात्र सावध राहा. गर्भारपणात अँटिबॉडी दबते आणि नंतर उसळी घेते. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या साधारण तिघींपैकी एकीला, काही पाहण्यांत निम्म्या जणींना, बाळंतपणानंतरचा थायरॉइडायटिस होतो. आधी टीएसएच तळाला, काही आठवड्यांनी उलट वर. थकवा आणि चिडचिड बाळामुळेच आहे म्हणून सोडून देतात. दीड, तीन आणि सहा महिन्यांनी टीएसएच करून घ्या.


नमुनानळी :

जाता जाता चिठ्ठीबद्दल, कारण काउंटरवर इथेच गोंधळ होतो. ‘थायरॉइड प्रोफाइल’ म्हटलं की टी३, टी४, टीएसएच होतं, अँटिबॉडी त्यात नसते. ‘थायरॉइड अँटिबॉडी’ एवढंच लिहिलं तर कुणी अँटी-टीपीओ करतं, कुणी दोन्ही. पूर्ण नाव लिहून घ्या.

जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अजूनही ‘एएमए’ असतं, म्हणजे अँटी-मायक्रोसोमल, तीच आजची अँटी-टीपीओ. पण यकृताच्या तपासणीत एएमए म्हणजे अँटी-मायटोकॉन्ड्रियल, तिचा थायरॉइडशी संबंध नाही. काउंटरवरच्या मुलाने यादीत एएमए शोधून यकृताची टेस्ट लावली तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि घरचे समजतात की थायरॉइडची अँटिबॉडी नाही.

ज्यांना थायरॉइडच्या कॅन्सरनंतर थायरोग्लोब्युलिन (ग्रंथीतच बनणारं प्रथिन; अँटी-टीजी त्याच्याच विरुद्ध) तपासायचं असतं त्यांनी अँटी-टीजी त्याच ट्यूबमधून, त्याच वेळी करून घ्यावी. ही अँटिबॉडी असली तर थायरोग्लोब्युलिन खोटं कमी येतं आणि परतलेला आजार लपून राहतो. अशा रुग्णांत अँटी-टीजीचाच चढउतार बघतात, म्हणून तिथे लॅब बदलणं सगळ्यात महागात पडतं.

हल्ली कुणाला आयव्हीआयजी (दात्यांच्या अँटिबॉडींचं इंजेक्शन) किंवा रक्त चढवलं असेल तर तेही सांगा. दात्यांची अँटिबॉडी रुग्णाच्या रक्तात काही आठवडे फिरत राहते आणि अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह दिसतं. निदान दोन-तीन महिने थांबून मग तपासावं.

रिपोर्ट हातात आला की चार गोष्टी बघा: पद्धत किंवा मशीन, एकक, मर्यादा, आणि रक्त घेतल्याची वेळ. एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) चिन्ह असेल तर ती विशिष्ट टेस्ट त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का हेही विचारता येतं. कधीकधी टीएसएच यादीत असतो आणि टीआरएबी बाहेरच्या लॅबला गेलेली असते. तसं असेल तर पुढच्या वेळी ती त्याच लॅबला जाईल ना, हे पैसे भरण्याआधी काउंटरवर विचारून घ्या.